पायपेटीमागची जागा

चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला रांग उठली आणि पुष्पलताबाई बसूनच राहिल्या, तेव्हा सोनिकाला आधी वाटलं, सासूबाईंचे गुडघे. तिनं आधाराला हात पुढे केला. पुष्पलताबाईंनी पाय आडवे घेऊन तिला वाट करून दिली आणि मांडीवरची पर्स नीट केली, बसमध्ये शेजारच्याला उतरू देतात तसं. मागे रांग खोळंबली होती. सोनिका पुढे गेली, वेदीपुढच्या कठड्याजवळ गुडघे टेकले, पण तिचं सगळं लक्ष पाठीमागे होतं.

पाठीमागे अख्खी मंडळी पाहत होती. चर्चमध्ये लोक डोळे मिटून जेवढं पाहतात तेवढं बाजारात उघड्या डोळ्यांनीही कुणी पाहत नाही.

हे आजच का दिसलं, तर पुष्पलताबाई आजवर या बाकावर बसतच नव्हत्या. त्यांची जागा वेदीच्या डाव्या अंगाला, पायपेटीमागे. लग्न होऊन नागपुरात आल्या तेव्हापासून ती पेटी त्यांच्याकडे. प्रभुभोजन सुरू झालं की त्या संथ गीतं वाजवायच्या, एकातून दुसरं, शेवटचा माणूस जागेवर जाईपर्यंत. त्या स्वतः कधी घेतात, हा प्रश्न कुणाला पडला नाही. गायकमंडळाला वाटायचं, पाळकसाहेब त्यांना शेवटी नेऊन देतात. पाळकसाहेबांना वाटायचं, त्या गायकमंडळाबरोबर येऊन गेल्या. पाळक बदलत, आणि नवे पाळक जुन्यांचा गैरसमज जसाच्या तसा ताब्यात घेत. यंदा पेटीचा भाता फाटला, तरुण संघानं कीबोर्ड आणला, ऋषी नावाचा मुलगा वाजवायला बसला आणि पुष्पलताबाईंचा शाल देऊन सत्कार झाला. सत्कार म्हणजे ‘आता उठा’चं गोड नाव. त्या उठल्या आणि घरच्यांच्या बाकावर येऊन बसल्या. इतकी वर्षं झाकलेली मूठ अशी उघडी पडली.

घर सक्करदऱ्याला, तलावामागच्या गल्लीत. खाली पुष्पलताबाई, मुलगा सौरव, सून सोनिका आणि नात हिमानी. वर प्रेमानंदकाका, पुष्पलताबाईंचे धाकटे दीर. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, म्हणून जेवायला खालीच. चर्च कमिटीचे सेक्रेटरी, घरोघरच्या प्रार्थनांचे पुढारी. प्रार्थना सुरू करायला काकांना निमित्त लागत नसे आणि थांबायला निमित्त सापडत नसे. त्या दुपारीही जेवणाआधी त्यांनी बिशपसाहेबांच्या प्रवासापासून हिमानीच्या दृढीकरणाच्या विधीपर्यंत सगळं देवाच्या कानावर घातलं. तोवर पाटवडीचा रस्सा निवून गेला. लेंट होता, उपवासाचे चाळीस दिवस, घरात मटण बंद होतं, आणि सोनिकानं सकाळी पाचला उठून पाटवड्या थापल्या होत्या. तिच्या मनात ‘आमेन’ केव्हाच होऊन गेलं होतं.

खरं आमेन झाल्यावर काका म्हणाले, “वहिनी, तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे.”

“नाही, आज तुम्ही उठल्या नाही. गुडघे दुखत असतील तर पाळकसाहेब बाकावर आणून देतात. मी सांगून ठेवतो पुढच्या रविवारचं.”

“गुडघे ठीक आहे, भाऊजी. रस्सा वाढू का?”

सौरव ताटावरून उठून खिडकीशी गेला होता. घरात वादाचा वास आला की तो काहीतरी दुरुस्त करायला घ्यायचा. आज कूलर होता. जुनी खस काढून तो नवी जाळीत कोंबत होता आणि वाळलेली काडी न् काडी फरशीवर सांडत होती.

“अहो, जेवा ना आधी,” सोनिका म्हणाली.

“जेवतो. गर्मी पाहून राहिली ना कशी आहे.”

हिमानीनं चमचा खाली ठेवला. सोळावं सरून राहिलं होतं तिचं, आणि नाताळापासून दृढीकरणाच्या वर्गाला जाऊन जाऊन प्रश्न विचारायची सवय लागली होती. “आजी, तू याच्या आधी कधी घेतलं होतं? मागच्या महिन्यात?”

पुष्पलताबाईंनी पोळीचा तुकडा मोडला. मग खोटं बोलायचा कंटाळा आल्यासारख्या म्हणाल्या, “तुझे आजोबा होते तेव्हा. गीत संपलं की ते मले घेऊन जात.”

खिडकीतला हात थांबला. आजोबा गेले तेव्हा हिमानी रांगत होती.

“म्हणजे मधली सारी वर्षं…” सौरव म्हणाला.

“पेटी वाजवत होती ना मी.”

“आई, मी तुले पेटीचं नाही विचारून राहिलो!”

प्रेमानंदकाकांनी हात धुतले, रुमालाला पुसले आणि खुर्ची मागे सरकवली. हे सगळं ते प्रार्थनेआधी करत. “वहिनी, हे फार गंभीर आहे. मनात काही आडवं असलं तर ते प्रभूच्या चरणी ठेवायचं, उचलून घरी नाही आणायचं. आपण आताच ठेवू. हिमानी, डोळे मिट बेटा.”

“नको,” पुष्पलताबाई म्हणाल्या.

या घरात प्रार्थनेला ‘उशीर झाला’ म्हणालेले लोक होते, ‘थोडक्यात करा’ म्हणालेले होते. ‘नको’ आजवर कुणी म्हटलं नव्हतं. हिमानीनं मिटलेले डोळे पुन्हा उघडले.

सोनिकाला भीती वाटली ती वेगळीच. पुढचा रविवार झावळ्यांचा, ईस्टरच्या आधीचा. बिशप येणार, हिमानीच्या डोक्यावर हात ठेवणार आणि त्यानंतर तिचं पहिलं प्रभुभोजन. या घराण्याची रीत अशी की पहिल्या खेपेला लेकरू मधे आणि सारं घर दोन्ही बाजूंना, एका ओळीत कठड्याशी. सौरवच्या वेळी तसंच झालं होतं, फोटो नव्हता तरी सगळ्यांना पाठ होतं. पांढरा फ्रॉक शिवून आला होता. सोनिकाच्या माहेरची माणसं येणार होती. आणि आता त्या ओळीतून सासू बसून राहणार, सगळ्या नागपूरसमोर.

“आई,” ती शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाली, “फक्त पुढच्या रविवारी या ना समोर. पोरीसाठी. मग तुमचं तुम्ही पाहा.”

“पोरीसाठी घेण्याची चीज आहे का ते, सोनिका?”

“मग मी बी नाही घेत,” हिमानी म्हणाली. “आजी नाही तर मी बी नाही. दृढीकरण पण नाही. बिशपला सांगा पुढच्या वेळी या म्हणून.”

“तू चूप बैस वं!” सोनिकाचा मऊपणा संपला. “चार महिने तयारी केली ते काय तमाशा म्हणून?”

“मी तमाशा नाही करून राहिली, मम्मी. सरांनीच शिकवलं. मनात राग घेऊन जायचं नाही तिथं. मग आजी बरोबरच करत होती ना? चूक तर आपली. आपल्याले कोणाले दिसलंच नाही.”

सौरव येऊन आईजवळ बसला, खसेची काडी त्याच्या केसांत अडकलेली. “कोणावर राग आहे, आई?”

पुष्पलताबाईंनी दिराकडे पाहिलं. “भाऊजींना विचार.”

“मले?” काका खरोखर दचकले. “मले काय माहीत असणार?”

“यांच्या शेवटच्या दिवशी. तुम्ही सकाळपासून पलंगाजवळ प्रार्थना करून राहिले होते. चार वाजता यांचा श्वास अटकला. मी दारात उभी होती. तुम्ही बाहेर आले आन् म्हणाले, ‘वहिनी, तुमचा विश्वास कमी पडला.’ आन् अंगणात निघून गेले.”

काकांनी एकदा सौरवकडे, एकदा हिमानीकडे पाहिलं.

“मी असं म्हणीनच कसा? दादाच्या मरणाच्या दिवशी?”

“आई, त्या दिवशी कोणाचं डोकं जाग्यावर होतं?” सौरव काकांच्या बाजूनं उभा राहिला. सायकल त्याला काकांनी शिकवली होती, पहिली प्रार्थनाही. “तुले तसं वाटलं असंल. काका असं…”

“म्हटलं होतं,” सोनिका म्हणाली.

तिला स्वतःलाच नवल वाटलं. ती आत्तापर्यंत सासूवर चिडलेली होती आणि अजूनही थोडी होतीच. पण तिला ते दार दिसत होतं. हिमानी कडेवर, हातात दुधाची बाटली, आणि काकांचा दमलेला, घामेजलेला चेहरा.

“तू ऐकलं?” सौरव म्हणाला. “आन् इतकी वर्षं बोलली नाही?”

“काका तसं म्हणतच राहतात ना, हो. कोणाचा धंदा बुडाला, कोणाले मूल नाही झालं, की विश्वास कमी पडला. मले वाटलं नेहमीचंच आहे. आईंना एवढं लागलं असंल हे… नाही आलं डोक्यात.”

‘म्हटलं होतं’पेक्षा ‘म्हणतच राहतात’ हे काकांना जास्त लागलं. ते उठले, जिना चढून गेले, आणि त्यांच्या ताटात अर्धी पाटवडी तशीच राहिली.

त्या आठवड्यात घरात कुणाचं कुणाशी धड पटेना. सौरव हिंगण्याला कंपनीत शिफ्ट इन्चार्ज. तिथं दोनशे माणसांची भांडणं तो चहाच्या एका कपात मिटवायचा. घरचं एक मिटेना. मोटरसायकलवर जाता-येता त्याचं मन एकदा आईकडे, एकदा काकांकडे झुकायचं आणि दोन्हीकडून त्याला स्वतःचाच राग यायचा. मुलगा असून आईच्या ओंजळीत कधी भाकर पडली नाही हे त्यानं पाहिलं नव्हतं. तो कठड्याशी दरवेळी डोळे मिटायचा. फार भक्तिभावानं मिटायचा.

बुधवारी कामावरून आल्यावर त्यानं आईला गाठलं. ती मागच्या ओट्यावर चिंच कोळत होती.

“आई, काका जेवाले खाली नाही येऊन राहिले. सोनिका डबा वर पाठवते, अर्धा परत येते.”

“माहीत आहे. डबा मीच धुतो.”

“माफ करून टाक ना. म्हातारे झाले ते. हिमानीनं वर्गाले जाणं बंद केलं. एक शब्द तर म्हणायचा आहे.”

“माफ करणं म्हणजे काय कूलरची खस आहे, सौरव? जुनी उपटली, नवी कोंबली?” चिंचेचा चोथा त्यांनी जोरानं पिळला. “मी काय केलं नसंल असं वाटते तुले? रोज सकाळी म्हणतो, प्रभू, मी माफ केलं. आन् रविवारी ते पहिल्या ओळीत गुडघे टेकताना दिसले की पुन्हा तेच. पहिल्या वर्षी मले वाटलं, खरं आहे, माहा विश्वास कमी पडला, मी लायक नाही तिथं जायच्या. मग वाटलं, तेच लायक नाही. मग वाटलं, ज्या कठड्याशी ते टेकतात तिथं मी काहून टेकू? तिन्ही गोष्टी चूक आहेत, मले समजते. पण समजून काय होते?”

सौरवला आई इतकं बोलते हे माहीत नव्हतं. त्यानं पातेलं तिच्याकडे सरकवलं.

“मग पेटी काहून वाजवत राहिली?”

“वाजवताना वाटे, आत नाही तर नाही, दारात तरी उभी आहो.”

वर प्रेमानंदकाका आठवायचा प्रयत्न करत होते.

त्यांना तो दिवस सगळा आठवत होता. ऑक्सिजनचं सिलिंडर बदलायला आलेला माणूस आठवत होता, दादाच्या पायाला आलेली सूज, रस्त्यावर संत्रीवाल्यानं दिलेली आरोळी. आपण केलेली प्रार्थना तर शब्दन् शब्द. ते एक वाक्य मात्र काही केल्या येईना. सकाळ-संध्याकाळ ते तलावाला फेऱ्या घालत होते, ओळखीचं कुणी दिसलं की पलीकडच्या वाटेनं जात होते. न आठवणाऱ्या गोष्टीचा पश्चात्ताप कसा करायचा, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी स्वतः पश्चात्तापावर किती प्रवचनं दिली होती.

गुरुवारी संध्याकाळी फेरी घालता घालता ते वाक्य आलं, पण दुसऱ्याच दारात. नागपूरबाहेर, पारशिवनीला. तिथल्या प्रार्थनासभा त्यांनीच सुरू केल्या होत्या. नत्थू आणि भीमाबाई, दोघं नियमानं यायची. त्यांची मुलगी प्रीती तापानं गेली. काकांनी रात्रभर प्रार्थना केली होती, आणि सकाळी भीमाबाईला म्हणाले होते, बाई, विश्वास कमी पडला. ते त्यांना लख्ख आठवलं, कारण तेव्हा त्यांना ते वाक्य चांगलं वाटलं होतं. भीमाबाई सभेला यायची बंद झाली. आणि ते परत येऊन कमिटीत म्हणाले होते, पेरलेलं काही बियाणं खडकावर पडतं, आपण काय करणार.

काका तलावाच्या कट्ट्यावर बसले. देवाची त्यांना आजवर ओढ वाटली होती, धाक वाटला होता, अभिमान तर फारच वाटला होता. लाज पहिल्यांदा वाटत होती.

शुक्रवारी सकाळी सौरव हिंगण्याला, सोनिका शिकवायला आणि हिमानी शिकायला शाळेत गेल्यावर ते खाली आले. धुतलेला शर्ट, केस विंचरलेले. पुष्पलताबाई गहू निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

“वहिनी, मी आलो.”

“दिसून राहिलं.”

काका उभेच राहिले. मग त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि भरून आलेल्या, सभेत लागतो तशा आवाजात सुरू केलं, “हे दयाळू पित्या, तुझा हा अपात्र दास आज तुझ्यासमोर नम्र होत आहे. नकळत माझ्या मुखातून जे शब्द गेले असतील, आणि त्यामुळे तुझ्या या दासीचं मन…”

“भाऊजी.”

“…जर दुखावलं गेलं असेल, तर हे प्रभू…”

“भाऊजी, थांबा!” सूप दाणकन खाली आलं, गहू उडाले. “देवाले काय सांगून राहिले? तो होता तिथं, त्यानं ऐकलं. मले सांगा. मी इथं बसली आहो.”

काकांनी डोळे उघडले. समोर देव नव्हता, वहिनी होती, पांढऱ्या केसांची, नाकपुड्या थरथरणारी. तोंडातली सगळी भाषा त्यांना सोडून गेली. इतक्या वर्षांत हजार प्रार्थनांत त्यांनी हजारदा क्षमा मागितली होती, पण माणसाच्या तोंडाकडे पाहून एकदाही नाही. त्यांनी खाली बसायला जागा पाहिली आणि फरशीवरच बसले, गव्हाच्या शेजारी.

“मले आठवत नाही, वहिनी,” ते म्हणाले. “खूप आठवून पाहिलं. नाही आठवत.”

पुष्पलताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. “मी इतकी वर्षं उराशी घेऊन झोपली, आन् तुम्हाले आठवत बी नाही?”

“पण म्हटलं असंल. सोनिका खोटं नाही बोलत. मी म्हणतो तसं. दुसऱ्याले म्हटलं ते आठवलं मले काल. पारशिवनीच्या भीमाबाईले. तिची पोरगी गेली तेव्हा.”

“ती? ताप आलेली?”

“हो.” काका हातानं गहू गोळा करू लागले, खडे-दाणे एकत्रच. “वहिनी, एक सांगू का? दादा गेला तेव्हा कोणाचा तरी विश्वास कमी पडाले पाहिजे होता. नाही तर माही प्रार्थना कमी पडली असती. सकाळपासून केली होती मी. साऱ्या लोकांले सांगून आलो होतो, दादा उठून बसते म्हणून. ते नाही झालं. मग ते कोणावर तरी टाकाले पाहिजे होतं. तुम्ही समोर दिसल्या.”

यात उपमा नव्हती, वचन नव्हतं. पुष्पलताबाईंनी दिराचा असा आवाज कधी ऐकला नव्हता, लहान, खरखरीत, पारशिवनीच्या बसस्टँडवर कुणी रस्ता विचारावा तसा. त्यांना वाटलं होतं, हा माणूस कधी काळी माफी मागेल तेव्हा आपलं ओझं धपकन खाली पडेल. तसं काही झालं नाही. ओझं होतं तिथंच होतं. फक्त त्याला धरून बसलेला आपला हात त्यांना आता दिसला.

“चुकलो, वहिनी,” काका म्हणाले.

“मले अजून राग आहे, भाऊजी.”

“असू द्या.”

“खोटं नाही बोलत मी. माफ केलं म्हणाले जीभ नाही वळत.”

“नका म्हणू. मी म्हणून घ्याले नाही आलो.” ते उठले. “रविवारी हिमानीसाठी…”

“रविवारचं मले माहीत नाही. ते गहू तसेच ठेवा, तुम्ही सारे खडे त्यातच टाकून राहिले.”

झावळ्यांच्या रविवारी चर्च गच्च भरलं होतं. हिमानी पांढऱ्या फ्रॉकमध्ये बसली होती. शनिवारी संध्याकाळी आजीनं तिला एवढंच सांगितलं होतं, “माहं मी पाहीन, तू तुझं पाहा. बिशपसाहेब माह्या नाही, तुझ्या डोक्यावर हात ठेवून राहिले.” त्यावर पोरगी उठून फ्रॉकला इस्त्री करायला गेली. सोनिकानं त्या रात्री सासूच्या पायाला तेल लावून दिलं.

दृढीकरण झालं. बिशपांचा हात डोक्यावर आला तेव्हा हिमानीचे खांदे हलले, आणि सौरवनं यावेळी डोळे मिटले नाहीत. ऋषीनं कीबोर्डवर संथ गीत धरलं. लय जरा पळत होती, पुष्पलताबाईंचा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. रांग उठायची वेळ आली.

प्रेमानंदकाका बाकाच्या टोकाला होते. ते उठले, बाजूला झाले, सगळ्यांना वाट दिली. हिमानी गेली, सौरव-सोनिका गेले. मग काका पुन्हा खाली बसले.

पुष्पलताबाई त्यांच्यासमोर थांबल्या. “चला.”

“तुम्ही जा, वहिनी. मले आधी पारशिवनीले जाऊन यायचं आहे. इथूनच जातो.”

आता मंडळीची नजर सेक्रेटरीसाहेबांवर होती, बसून राहिलेल्या. पुष्पलताबाईंना क्षणभर बरं वाटलं. खोटं कशाला बोला, छान वाटलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच, असंही वाटलं. आणि लगेच त्या चवीची त्यांना शिसारी आली. हा माणूस बसून राहिल्यानं त्यांची भूक भागत नव्हती. भूक दुसरीच होती, जुनी, आणि ती लागलीय हे त्या पेटी वाजवून विसरत आल्या होत्या. राग गेल्यावर जायचं, लायक झाल्यावर जायचं, असं सगळ्यांनीच धरलं तर तिथं फक्त पाळकसाहेब उरतील, आणि त्यांचाही संशयच.

त्या पुढे गेल्या. हिमानीच्या डाव्या हाताला जागा होती. गुडघे टेकताना दोन्ही गुडघे कडाडले, सोनिकानं ऐकलं. ओंजळीत उजवा हात वर की डावा, हे त्यांना आठवेना. हिमानीनं आपली ओंजळ जरा त्यांच्याकडे सरकवून दाखवली. पाळकसाहेबांनी नेहमीचे शब्द म्हटले आणि भाकरीचा तुकडा ठेवला. तो इतका हलका असेल हे त्यांना आठवत नव्हतं. “राग आहे,” त्या मनात म्हणाल्या, “तसाच घेऊन आली.” आणि त्यांनी खाल्लं.

परत आल्या तेव्हा बाकाचं टोक रिकामं होतं. बाहेर कंपाउंडमध्ये काका स्कूटरला किका मारत होते, उन्हानं तापलेली सीट, हेल्मेट आरशाला लटकलेलं. तिकडे घरी सोनिकाच्या माहेरची वीस माणसं जेवायला येणार होती. पुष्पलताबाई पायऱ्या उतरून आल्या.

“या स्कूटरवर पारशिवनी होते का? सौरवची मोटरसायकल घ्या. मी येतो.”

काकांचा पाय किकवरच थांबला. त्यांचा चेहरा असा उजळला की पुष्पलताबाईंना ते तिथंच तोडावं लागलं.

“तुमच्यासाठी नाही येऊन राहिली, भाऊजी. तुम्ही मले बोलले तेव्हा मी एकटी होती दारात. आता तुम्ही भीमाबाईले ते सारं पुन्हा आठवून देणार. तेव्हा तिच्या बाजूले बसाले कोणी पाहिजे.”

काकांनी मान हलवली. त्यांनी स्कूटर पुन्हा स्टँडला लावली आणि सौरवकडे गाडीची चावी मागायला ते आत गेले.